घोडे नेमके कुठे पेंड खाते?

तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते आणि शहरोशहरी वरातींचे घोडे सजू लागतात. अंगावर जरीची झूल, माथ्यावर तुरा, पायांत घुंगरू. वरात पोचते, नवरदेव उतरतो, बँड थांबतो. मांडवामागच्या अंधारात झूल उतरवली, की कित्येकदा बरगड्या मोजता येतील असे शरीर दिसते. पाठीचा कणा वर आलेला, मागचे पुठ्ठे आत गेलेले आणि शेपटीखाली पातळ लिदीचे ओघळ वाळलेले. मालकाला विचारावे, तर उत्तर ठरलेले असते : ‘खातो भरपूर, पण अंगी लागत नाही.’ त्यावरचा उपायही ठरलेला. चंदी वाढवायची. हरभरा थोडा जास्त, कोंडा थोडा जास्त, जोडीला गूळ आणि पेंड.

हा मालक निर्दय नसतो. घोडा हे त्याच्या घरातले एकमेव कमावते जनावर असते आणि स्वतःच्या ताटातले कमी करून तो तोबरा भरत असतो. खंगलेल्या घोड्याकडे पाहून ‘उपाशी ठेवतात’ असे म्हणत पुढे जाणे सोपे आहे. पण अनेक घोडे अशा मायेनेच खंगतात, कारण ही माया चुकीच्या टोकाकडून सुरू होते. जुनाट पोटाच्या तक्रारीने वाळत चाललेल्या घोड्याला दाणा वाढवणे हा पहिला उपाय असूच शकत नाही. तो शेवटून दुसरा आहे. त्याआधी तोंड पाहायचे, लीद पाहायची आणि चारा पाहायचा. हा क्रम उलटा झाला की घोडे तिथेच पेंड खाते, आणि या म्हणीचा शब्दशः अर्थ इथे फार महागात पडतो.

शिंगे नसलेली गाय नव्हे

आपल्याकडचे पशुपालनाचे शहाणपण गाई-म्हशींभोवती वाढले. त्यामुळे घोड्याच्या पोटालाही गोठ्याचाच न्याय लावला जातो. प्रत्यक्षात दोघांच्या पोटांची रचना परस्परांच्या उलट आहे. गाय चारा खाते तेव्हा तो आधी मोठ्या कोठीपोटात जातो. तिथे सूक्ष्मजीव तो आंबवतात, गाय रवंथ करते आणि नंतर खरे पचन सुरू होते. घोड्यात आधी पचन होते, मग आंबवण. गाईच्या पोटातली कोठी दाराशी आहे, घोड्याची परसदारी.

पूर्ण वाढीच्या मोठ्या घोड्याचे जठर जेमतेम आठ ते पंधरा लिटरचे असते. एवढ्या मोठ्या जनावराच्या मानाने ते अगदीच चिमुकले. त्यापुढे वीस मीटरहून लांब लहान आतडे आणि त्यानंतर खरी भट्टी : अंधांत्र ही मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेली थैली, आणि मग वळणावळणांचे मोठे आतडे. दोन्ही मिळून शंभर लिटरच्या आसपास माल सामावतात. तिथले सूक्ष्मजीव चाऱ्यातले तंतू फोडतात आणि त्यातून तयार होणाऱ्या मेदाम्लांवर घोडा आपल्या गरजेचा मोठा हिस्सा भागवतो. थोडक्यात, घोडा गवतावर जगत नाही. गवतावर जगणाऱ्या सूक्ष्मजीवांवर जगतो.

आता या यंत्रणेत एका वेळी दोन किलो दाणा ओतला तर काय होते? लहान जठर तो फार वेळ धरून ठेवू शकत नाही. लहान आतड्याला त्यातला सगळा पिष्टमय भाग पचवायला वेळ मिळत नाही. उरलेला पिठूळ माल मागच्या भट्टीत जाऊन पडतो. तिथे लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू माजतात, आम्लता वाढते आणि तंतू फोडणारे उपयोगी जिवाणू मरू लागतात. लीद पातळ होते, वायू धरतो, शूळ उठतो. प्रकरण हाताबाहेर गेले तर खुरांच्या आतल्या भागाला दाह होतो आणि घोडा कायमचा लंगडा होऊ शकतो. शिवाय तंतू फोडणारेच कमी झाल्याने घोडा जो चारा खातो त्याचेही चीज होईनासे होते. ‘खातो भरपूर, पण अंगी लागत नाही’ या वाक्याचा एक अर्थ हा आहे. मग मालक दाणा आणखी वाढवतो आणि चक्र पुढे फिरते.

दुसरा बिघाड जठरात होतो. माणसाच्या जठरात आम्ल प्रामुख्याने जेवणाच्या वेळी सुटते. घोड्याच्या जठरात ते रात्रंदिवस झिरपत असते, कारण मोकळा घोडा दिवसाचे पंधरा-सोळा तास चरत असतो. त्या आम्लाला उतारा म्हणजे लाळ, आणि घोड्याच्या तोंडात लाळ सुटते ती चघळतानाच. एक किलो वाळलेले गवत खायला घोड्याला साधारण चाळीस मिनिटे लागतात, एक किलो दाण्याला दहाच. चाऱ्याच्या जागी दाणा आला की चघळणे घटते, लाळ घटते, आणि रिकाम्या जठरात आम्ल हिंदकळत राहते. जगभर शर्यतीच्या घोड्यांमध्ये जठराचे व्रण इतके सर्रास आढळतात त्याचे हे एक मोठे कारण आहे. व्रण झालेला घोडा तोबऱ्यात तोंड घालतो, दोन घास खाऊन मागे सरतो, तंग आवळताना कान मागे टाकतो, चावायला धावतो. त्याला ‘खोडील’ म्हणून फटका बसतो. दुखते म्हणून तो सांगत असतो, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

कोंड्यावरची श्रद्धा

गव्हाचा कोंडा हलका, पोटाला बरा, अशी श्रद्धा घोडेवाल्यांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. अधूनमधून मूठभर कोंड्याने बिघडत नाही. पण रोजच्या खाण्यातला मोठा वाटा कोंड्याचा असेल, तर त्यातले फॉस्फरस भरमसाट आणि कॅल्शियम नगण्य, असे व्यस्त प्रमाण शरीरात जाते. रक्तातले कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर ते हाडांतून ओढू लागते. जबड्याची हाडे पोकळ होतात, चेहरा सुजल्यासारखा फुगतो, दात हलू लागतात, चालणे बिघडते. पीठगिरण्यांच्या घोड्यांना कोंडा मुबलक मिळे आणि त्यांच्यात हा विकार दिसे. म्हणून युरोपात तो गिरणीवाल्याचा रोग म्हणूनच ओळखला गेला. म्हणजे पोटासाठी दिलेल्या कोंड्याने दात जातात आणि दात गेले म्हणून पोट बिघडते.

गोठ्यातून तबेल्यात येणारे आणखी एक संकट याहून जीवघेणे आहे. कोंबड्यांच्या आणि गुरांच्या काही तयार खाद्यांत मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते. गाईला चालणारी त्याची मात्रा घोड्याच्या हृदयाचे स्नायू निकामी करू शकते. स्वस्तात मिळाले म्हणून कोंबडीखाद्याचे पोते तबेल्यात आणणे हा जुगार आहे. बुरशी धरलेल्या शेंगदाणा पेंडीचे किंवा पावसात भिजलेल्या कडब्याचेही तेच. घोड्याला उलटी करता येत नाही. एकदा गिळलेले विष बाहेर टाकण्याचा मार्ग त्याच्याजवळ नाही.

आधी तोंड, मग लीद

मग खंगणाऱ्या घोड्याची तपासणी कुठून सुरू करायची? तोंडापासून. घोड्याचे दात आयुष्यभर दरवर्षी दोन-तीन मिलिमीटर वर सरकत राहतात आणि चघळण्याने झिजत राहतात. झीज सारखी झाली नाही की वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा आणि खालच्या दाढांच्या आतल्या कडा सुरीसारख्या धारदार होतात. गाल आणि जीभ कापली जाते. असा घोडा चारा चघळतो, त्याचा ओला बोळा करून खाली टाकतो. दाणा अर्धा तोंडाबाहेर सांडतो. लिदीत बोटभर लांबीचे गवताचे तुकडे किंवा अखखे दाणे दिसले, तर शंका आधी दाढांवर घ्यावी. त्या कानशीने घासून सपाट करण्याचे काम प्रशिक्षित पशुवैद्य थोड्या वेळात करतो. एवढ्यावरच सुधारलेले घोडे काही कमी नसतात.

दुसरी तपासणी लिदीची. घोड्याच्या आतड्यातले लहान गोलकृमी भिंतीत कोष करून महिनोन्‌महिने दडून बसतात आणि एकदम बाहेर पडले की तीव्र जुलाब आणि झपाट्याने वजनघट होते. त्यावर ‘दर तीन महिन्यांनी जंताचे औषध’ ही सवय पुरेशी नाही, उलट घातक ठरली आहे. एकाच गटाचे औषध, तेही अंदाजाने कमी मात्रेत, वर्षानुवर्षे देत गेल्याने जगभर या कृमींनी जुन्या औषधांना दाद देणे सोडले आहे. लिदीतल्या अंड्यांची मोजणी करायची, गरज असेल त्याच घोड्याला वजनानुसार औषध द्यायचे आणि दोन आठवड्यांनी पुन्हा मोजून औषध लागू पडले का ते पाहायचे, ही आजची शिफारस आहे. यासाठी सूक्ष्मदर्शक, मिठाचे संपृक्त द्रावण आणि मोजणीची काच एवढेच लागते. एक खबरदारी मात्र हवी. कोषातल्या अळ्या अंडी घालत नाहीत, त्यामुळे अंडी कमी दिसली म्हणून जंत नाहीतच, असे ठरत नाही.

लिदीचीच आणखी एक साधी चाचणी घरी होते. जमिनीवर टाकलेला चारा खाणाऱ्या घोड्याच्या पोटात माती-वाळू जाते, आतड्याच्या तळाशी साठते आणि अस्तर घासत राहते. पाच-सहा लिदीचे गोळे पारदर्शक पिशवीत पाण्यात कालवून पंधरा-वीस मिनिटे ठेवले, की वाळू तळाला बसलेली दिसते. पाणी स्वच्छ राहिले म्हणून वाळू नाहीच, असे मात्र नाही. ती बाहेर काढण्यासाठी पशुवैद्य इसबगोलही वापरतात. पण खरा उपाय गव्हाणीचा आहे : चारा जमिनीवर न टाकता कठड्याच्या गव्हाणीत किंवा निदान जुन्या ताडपत्रीवर टाकणे.

तिसरा प्रश्न मालकाला मोकळेपणाने विचारायला हवा : लंगडेपणासाठी कोणती वेदनाशामके चालू आहेत? हंगामात घोडा उभा राहू नये म्हणून फेनिलब्यूटाझोनसारखी औषधे दिवसामागून दिवस दिली, तर जठरात व्रण पडतात आणि मोठ्या आतड्याच्या एका भागाला सूज येऊन जुनाट जुलाब लागतात. आतड्यातून प्रथिने गळू लागतात आणि पोटाखाली, पायांवर पाणी धरते.

हे सगळे पाहून झाल्यावरही कारण सापडत नसेल, तर पोटाबाहेर शोध घ्यावा लागतो. चावऱ्या माश्यांमधून पसरणारा सर्रा हा रोग आपल्या देशात घोड्यांना होतो. मधूनमधून येणारा ताप, रक्तक्षय आणि चांगले खाऊनही वाळत जाणे ही त्याची खूण. त्याचे निदान रक्ततपासणीने होते. कोणत्याही खुराकाने तो बरा होत नाही.

किलोचा हिशोब

कारण सापडले की खाण्याचा हिशोब मांडता येतो. अडीचशे किलोच्या तट्टाला रोज वजनाच्या दोन टक्के, म्हणजे सुमारे पाच किलो वाळलेला चारा हवा. दीड टक्क्याच्या खाली तो कधीच जाऊ नये. डोंगरी गवत, स्वच्छ कोरडा कडबा आणि त्याला लसूणघासाची जोड, हे महाराष्ट्रात मिळण्यासारखे आहे. दोन खाण्यांत सहा तासांहून मोठी खिंड नको, रात्रीची गव्हाण रिकामी नको. कामावर निघण्याआधी दोन पेंढ्या गवत खायला मिळाले, तर आम्ल हिंदकळण्याचा त्रास कमी होतो. दाणा द्यायचाच तर एका वेळी अर्धा किलोच्या आसपास, आणि दिवसातून तीन-चार वेळा विभागून. कमी पडणारी ऊर्जा भरून काढायला खाद्यतेल हा चांगला मार्ग आहे. चमचाभरापासून सुरुवात करून दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवले, तर ते आम्लता न वाढवता वजन देते. मीठ आणि स्वच्छ पाणी सतत समोर हवे. कोरडा चारा आणि अपुरे पाणी यांतून आतड्यात गोळा अडकतो. कोणताही बदल दहा ते चौदा दिवसांत, थोडाथोडा करत आणायचा, कारण भट्टीतल्या सूक्ष्मजीवांना नव्या खाद्याची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो.

अगदी अस्थिपंजर झालेल्या घोड्याची गोष्ट वेगळी आहे. उपासानंतर एकदम भरपूर दाणा दिला, तर रक्तातले फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम कोसळून काही दिवसांत मृत्यू ओढवू शकतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी अशा घोड्यांवर वेगवेगळे आहार तपासले, तेव्हा दर काही तासांनी थोडाथोडा दिलेला लसूणघास सर्वांत सुरक्षित ठरला. म्हणजे वाचवलेल्या घोड्यापुढे उत्साहाने दाण्याची पाटी ठेवणारा प्राणिमित्रही त्याचा जीव घेऊ शकतो.

प्रगती डोळ्यांनी जोखू नये. रोज पाहणाऱ्याला फरक दिसत नाही. १९८३ मध्ये अमेरिकेतील डॉन हेनेके यांनी मान, खांदा, बरगड्या, पाठ आणि शेपटीचे मूळ चाचपून एक ते नऊ गुण देण्याची पद्धत मांडली. ती आजही जगभर वापरली जाते. पाच गुणांच्या घोड्याच्या बरगड्या हाताला लागतात, पण दिसत नाहीत. सोबत शिंप्याची टेप पुरते. छातीच्या घेराचा वर्ग गुणिले खांद्यापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी, भागिले ११,८८०. मापे सेंटिमीटरमध्ये घेतली की वजन साधारण किलोत मिळते. दर पंधरवड्याला ही नोंद वहीत झाली, तर दोन-तीन महिन्यांत घोडा कुठे चालला आहे ते कळते.

‘सोळा तास चरायला आमच्या घोड्याला वेळ कुठला?’ हा घोडेवाल्याचा सवाल खोटा नाही. माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे. तिथे माणूस आणि सामान वाहण्यात घोड्यांचा वाटा मोठा आहे. पावसाळ्यात पर्यटक रोडावतात, तसे उत्पन्नही. घोड्याचे पोट मात्र सुट्टीवर जात नाही. चारा घाटाखालून वर यायचा, तोही ओला होऊन. अशा वेळी मूठभर हरभरा परवडतो, भारा गवत परवडत नाही. म्हणूनच हा प्रश्न एकट्या मालकाच्या अंगावर टाकून सुटणारा नाही.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा पुरेसे खाणे न देणे हा गुन्हा मानतो. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. या रकमेने कुणाला जरब बसत नाही, आणि ती शंभर पट केली तरी घोड्याच्या दाढा सपाट होणार नाहीत. २०१९ च्या पशुगणनेत देशातले घोडे आणि तट्टे सुमारे ३ लाख ४० हजार भरली. आधीच्या २०१२ च्या गणनेपेक्षा तब्बल ४५ टक्क्यांनी कमी. संख्या घटते तसे घोड्याचे जाणकार पशुवैद्य, नालबंद आणि मोतद्दारही घटतात. शर्यतीच्या तबेल्यात घोड्याच्या जठराची दुर्बिणीतून तपासणी होते. वरातीच्या आणि पर्यटनाच्या घोड्याच्या तोंडात वर्षातून एकदा कुणी हात घालावा, एवढीही सोय सगळीकडे नाही.

ती करणे अवघड नाही. पर्यटनस्थळी घोड्याच्या परवान्याचे नूतनीकरण दात, लीद आणि शरीरगुण या तीन तपासण्यांशी जोडता येईल, आणि तपासणी तिथेच, शिबिरात, फुकट किंवा नाममात्र दरात करता येईल. पावसाळ्याआधी घोडेवाल्यांच्या संघटनेमार्फत कोरड्या चाऱ्याची सामायिक कोठी उभारता येईल. तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत देशभरातून घोडे येतात. तिथे घोड्याची चाल आणि किंमत पाहायला गर्दी लोटते, तशी दाढा तपासणाऱ्या मांडवापुढेही लोटली पाहिजे. पशुवैद्यक महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना शिकायला याहून चांगले मैदान कुठले?

आणि वाटा गिऱ्हाइकाचाही आहे. घोड्याने खोगिरासह आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंतच ओझे वाहावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. अडीचशे किलोच्या तट्टाला ते पन्नास किलो होतात. ऐंशी किलोच्या पर्यटकाने त्यावर बसून त्याला बिस्किटे भरवणे म्हणजे प्रेम नव्हे.

काही घोडे एवढे करूनही भरून येत नाहीत. दाढा झिजून संपलेल्या म्हाताऱ्या घोड्याला भिजवलेली कुट्टी देऊन काही वर्षे सुखाची देता येतात. आतड्याला कायमची सूज आलेल्या घोड्याला कधी तेवढीही नाहीत. तेव्हा त्याला कामातून सोडणे, आणि वेदना आवरेनाशा झाल्या तर पशुवैद्याकरवी शांतपणे निरोप देणे, हेही मालकाचेच कर्तव्य असते. पण त्या टोकाला पोचण्याआधीचे बरेच काही हातातले असते. घोडा अंगी धरत नसेल तेव्हा तोबरा भरायला जाणारा हात आधी त्याच्या जबड्याकडे गेला पाहिजे.